ब्रेक्झिटनंतर ब्रिटन आणि युरोपियन युनियनचे संबंध पुढे कसे राहतील? ब्रिटन परत युनियनमध्ये जाईल का?

तुम्ही विचारलंय की बाहेर पडून एवढी वर्षं झाली तरी बातम्यांमध्ये अजून वाटाघाटी कसल्या चालू असतात, शेवटी हे परत जाणार का, आणि बहिणीला पुढच्या वर्षी इकडे मास्टर्सला पाठवायचंय तर तिला काही फरक पडेल का. थोडक्यात उत्तर आधी देतो. परत जाणार नाहीत, निदान पुढची दहा-पंधरा वर्षं तरी नाहीच, पण लांबही राहता येणार नाही. एकेक विषय घेऊन, प्रत्येकाचे पैसे मोजून हळूहळू जवळ सरकत राहतील आणि नियम ठरवताना मात्र यांना मत नसेल. मी इंग्लंडमधल्या स्विंडनला राहतो, खाद्यपदार्थ युरोपात पाठवणाऱ्या एका कंपनीत कस्टम्सची कागदपत्रं बघतो, त्यामुळे हे मत पेपर वाचून झालेलं नाही, रोजच्या टेबलावरून झालंय.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. आपल्याकडे भावाभावांत वाटण्या होतात ना, चूल वेगळी होते, सातबारा वेगळा होतो, पण विहीर सामाईकच राहते, बांध सामाईक, जायचा रस्ता दुसऱ्याच्या शेतातून. मग पाण्याची पाळी कोणाची, मोटार बिघडली तर खर्च कोणी द्यायचा हे पुढची पन्नास वर्षं चालतं. २३ जून २०१६ ला ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायला मत दिलं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं होतं की सही केली की संपलं. प्रत्यक्षात ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडेपर्यंतच संसदेत काय काय झालं ते आठवत असेल, तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार २३० मतांनी पडला होता. आणि मग व्यापार आणि सहकार्य करार झाला २४ डिसेंबर २०२० ला, लागू झाला १ जानेवारीपासून. बाराशेच्या वर पानं आणि हातात एक आठवडा, तोही ख्रिसमसचा.

त्या जानेवारीबद्दल थोडं सांगतो कारण सगळं उत्तर त्यातच आहे. करारात लिहिलंय की ड्युटी शून्य, कोटा नाही. ऐकायला किती छान. पण ड्युटी शून्य म्हणजे कागद शून्य नव्हे. आमचा पनीर डिसेंबरपर्यंत रॉटरडॅमला असा जायचा जसा पुण्याहून नाशिकला जातो, गाडी भरली, चलन दिलं, निघाली. १ जानेवारीपासून प्रत्येक खेपेला हेल्थ सर्टिफिकेट, त्यावर सरकारमान्य पशुवैद्यकाची सही, प्रत्येक पानावर शिक्का, सहीची शाई छापील अक्षरांपेक्षा वेगळ्या रंगाची पाहिजे, आणि माल ज्या देशातून आत शिरणार त्या देशाच्या भाषेतही कागद पाहिजे. एका सर्टिफिकेटला २०० पौंडांपर्यंत खर्च येतो, मग गाडीत वीस पॅलेट असोत नाहीतर दोन. मोठ्या कंपनीला काही वाटत नाही, पण जो माणूस दोन पॅलेट पाठवायचा त्याचा धंदा तिथेच बसला. आमची एक गाडी नुसता बॅच नंबर कागदावर एक आणि खोक्यावर एक असा झाला म्हणून अडकली होती, चूक आमचीच होती, पण दुधाचा माल, दोन दिवसांत खराब झाला, ड्रायव्हर बिचारा केबिनमध्ये झोपून दर तासाला मला फोन करायचा आणि माझ्याकडे सांगायला काही नसायचं.

आणखी एक, आपल्या लोकांना जास्त कळेल असं. भारतातून तांदूळ, लोणची, मसाले इकडे आणून पुढे जर्मनी-हॉलंडच्या दुकानांना पाठवणारे बरेच आपले व्यापारी होते. शून्य ड्युटी फक्त ब्रिटनमध्ये बनलेल्या मालाला आहे, नुसता इथे उतरवून पुढे पाठवलेला माल ब्रिटिश ठरत नाही, म्हणजे एकदा इथे ड्युटी भरा आणि तिकडे परत भरा. त्यातल्या बऱ्याच जणांनी मग युरोपसाठीचा माल थेट तिकडच्याच बंदरात उतरवायला सुरुवात केली.

आता तुमचा मूळ प्रश्न, पुढे काय. २०२४ च्या जुलैमध्ये लेबर पक्ष निवडून आला आणि त्यांचे नेते कीअर स्टार्मर यांनी आधीच लिहून दिलं होतं की सिंगल मार्केट (सगळ्यांचे नियम एकच असलेली युनियनची बाजारपेठ) नाही, कस्टम्स युनियन (बाहेरच्या मालावर सगळ्यांची एकच ड्युटी) नाही, आणि लोकांची मुक्त ये-जाही नाही. एवढं बांधून घेतल्यावर उरतं काय, तर तुकडे. १९ मे २०२५ ला लंडनला जी बैठक झाली तिथे हेच तुकडे टेबलावर होते. एक, सुरक्षा आणि संरक्षणाची भागीदारी. दोन, खाण्यापिण्याच्या मालाच्या तपासणीचा करार, म्हणजे माझ्या टेबलावरचे ते शिक्के जातील असा, त्याच्या वाटाघाटी चालू आहेत आणि २०२७ पर्यंत तो लागू व्हावा असं लंडनला वाटतंय. तीन, तरुणांना काही काळ एकमेकांकडे राहता-काम करता यावं अशी योजना. आणि या सगळ्याच्या बदल्यात युरोपने मागितली विहिरीची पाळी, म्हणजे मासे. ब्रिटनच्या समुद्रात युरोपियन बोटींना ३० जून २०३८ पर्यंत यायला परवानगी, १२ वर्षांची मुदतवाढ. मासेमारी ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत टक्क्याच्या दहाव्या भागाएवढीसुद्धा नाही, पण भांडण सगळ्यात जास्त तिच्यावर, कारण किनाऱ्यावरच्या गावांनी तेवढ्यासाठीच बाहेर पडायला मत दिलं होतं आणि त्यांना आज फसल्यासारखं वाटतं. मला त्यांचं दुःख खरं वाटतं.

त्या बैठकीत युरोपच्या बाजूने युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांच्या शेजारी होते अंतोनियो कोस्ता, युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष, आणि त्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं, घरचं लाडकं नाव बाबूश. आमच्या स्विंडनमध्ये गोंयकार खूप आहेत, त्यांच्यात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता.

गोंयकारांचं सांगायलाच पाहिजे, कारण ब्रेक्झिटने माणसांचं काय केलं ते मी तिथे बघितलं. १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, आणि तो पासपोर्ट हातात असला की युनियनमध्ये कुठेही काम करता यायचं, म्हणून लोक इकडे आले. माझा शेजारी सासष्टीचा, गोदामात रात्रपाळी करतो. २०१६ ला मतदान होतं तेव्हा माझ्याकडे भारतीय पासपोर्ट, आणि कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून मला मत होतं. त्याच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट, त्याला नव्हतं. ज्याचं सगळं आयुष्य त्या निकालावर अवलंबून होतं तो घरी बसला आणि मी जाऊन मत देऊन आलो. राहायचं असंच दिलं, पण स्विंडनमध्ये जवळपास ५५ टक्के बाहेर पडायच्या बाजूने गेले. नंतर त्याने ३० जून २०२१ च्या मुदतीआधी सेटलमेंट स्कीमचा, म्हणजे आधीपासून इथे असलेल्या युरोपियन नागरिकांना राहू देणाऱ्या योजनेचा, अर्ज भरला, मीच बसून मोबाईलवर त्याच्या आईचा फोटो अपलोड करून दिला, चारदा रिजेक्ट झाला, पाचव्यांदा घेतला. त्यांचं झालं. पण त्याच्या धाकट्या भावाचा पासपोर्ट आला २०२२ मध्ये. तो लिस्बनला जाऊ शकतो, बर्लिनला जाऊ शकतो, भावाच्या घराशेजारी काम करू शकत नाही. दोघांच्या खिशात तोच लाल पासपोर्ट आहे.

परत का जाणार नाहीत ते सांगतो. परत जायचं तर २७ च्या २७ देशांनी हो म्हणायला पाहिजे. आधी होत्या त्या सवलती, थॅचरबाईंनी १९८४ ला मिळवलेली वर्गणीतली सूट, युरो चलन न घेण्याची मुभा, त्या परत मिळतील असं कोणी सांगत नाही. आणि युरोपचा प्रश्न साधा आहे, तुम्हाला घेतलं आणि पुढच्या निवडणुकीत परत बाहेर पडलात तर? २०२५ मध्ये बऱ्याच जनमत चाचण्यांत नायजेल फराज यांचा ब्रेक्झिटवाला रिफॉर्म पक्ष पुढे होता, मग त्यांची भीती चुकीची कशी म्हणायची.

मधला मार्ग म्हणून लोक कस्टम्स युनियनचं नाव घेतात. त्यात एक अडचण आहे जी आपल्याला जवळची आहे. कस्टम्स युनियनमध्ये गेलं की बाहेरच्या देशांच्या मालावर ड्युटी ब्रुसेल्स, म्हणजे युनियन, ठरवेल तीच लावायची. मग २४ जुलै २०२५ ला भारताशी सही केलेला व्यापार करार, पॅसिफिकच्या देशांच्या गटात डिसेंबर २०२४ ला घेतलेला प्रवेश, यांचं काय करायचं? तुर्कस्तान बघा, कस्टम्स युनियनमध्ये आहे, युनियनचा सदस्य नाही, करार ब्रुसेल्स करतं आणि निस्तरायचं तुर्कस्तानने. नॉर्वेसारखं सिंगल मार्केटमध्ये राहिलं तर लोकांची ये-जा मान्य करावी लागते, आणि २०१६ चं सगळं भांडण तर त्यावरच झालं होतं. राहिला स्वित्झर्लंडचा मार्ग, शंभराहून जास्त छोटे-मोठे करार करून जोडलेला. मला वाटतं ब्रिटन कबूल न करता त्याच वाटेला लागलाय. खाद्यपदार्थांच्या करारातसुद्धा बघा, युरोपचे नियम बदलले की ब्रिटनने बदलायचे, आणि त्या नियमांचा अर्थ लावताना शेवटचा शब्द युरोपच्या कोर्टाचा. सार्वभौमत्वासाठी बाहेर पडले आणि आता नियम घ्यायचे, मत मात्र नाही. माझ्यासारख्या कागद भरणाऱ्याला त्याने सुख होईल, तरी हे मला बरोबर वाटत नाही. आधी त्याच नियमांवर मत देत होते.

आयर्लंडचा विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन. एवढंच लक्षात ठेवा की उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या जवळपास ५०० किलोमीटर सीमेवर नाका उभा करायचा नाही हे १९९८ च्या शांतता करारामुळे दोघांनाही मान्य आहे, म्हणून तपासणी समुद्रात, म्हणजे बाकीच्या ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालावर, ढकलली. त्यासाठी २०२३ ला विंडसर फ्रेमवर्क नावाचा करार झाला आणि तेव्हापासून तिकडे जाणाऱ्या दुधाच्या, मांसाच्या पाकिटावर 'नॉट फॉर ईयू' असं छापायला लागलं. एकाच देशाच्या दोन भागांत जाताना हे लेबल लागतं.

सगळंच जमतंय असंही नाही. युरोपच्या १५० अब्ज युरोंच्या संरक्षण कर्ज योजनेत शिरायच्या वाटाघाटी नोव्हेंबर २०२५ मध्ये पैशांवरून फिस्कटल्या. उलट संशोधनाच्या होरायझन योजनेत ब्रिटन जानेवारी २०२४ पासून परत आहे, आणि विद्यार्थ्यांच्या इरॅस्मस योजनेत २०२७ मध्ये परत येतोय.

आता बहिणीचं. तिच्या व्हिसावर या सगळ्याचा काही परिणाम नाही, भारतीय विद्यार्थ्यांचे नियम लंडनच ठरवतं, आधीही तेच ठरवत होतं. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपियन देशांच्या गटात, कधीच नव्हता, त्यामुळे सुट्टीत पॅरिस-ॲमस्टरडॅम फिरायचं तर वेगळा व्हिसा तेव्हाही लागायचा आणि आताही लागतो, अपॉइंटमेंट मिळायला वेळ जातो, तिला आल्या आल्या बघायला सांगा. ज्या युनिव्हर्सिटीत प्रवेश घेतेय तिथे विचारा की इरॅस्मसमध्ये २०२७ पासून ते आहेत का आणि तिच्या कोर्सला एक्सचेंज आहे का, एक वर्षाच्या मास्टर्समध्ये सहसा वेळच नसतो. आणि ती इथून युरोपात फिरायला जाताना घरून आलेलं तूप किंवा पनीर बॅगेत ठेवणार असेल तर नको म्हणावं, २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपात दुधाचे पदार्थ बॅगेतून नेता येत नाहीत, नाक्यावर काढून घेतात.