पीपीटी मागू नकोस

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला. तृतीयपंथी पेशंट मेल वॉर्डात आहे, तुझ्या नर्सिंगच्या विद्यार्थिनी तिच्या बेडजवळ जायला कचरतायत, आणि तू माझ्याकडे पीपीटी मागतेस? नाही देणार.

सुप्रीम कोर्टाचा तृतीयपंथींना ओळख देणारा 2014 चा नाल्सा निकाल, समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हणणारा 2018 चा 377 चा निकाल, तृतीयपंथींच्या हक्कांचा 2019 चा कायदा हे एका तासात उरकतं. पोरी ते पेपरात लिहितात आणि वॉर्डात खुसखुसतात. त्यांनी तृतीयपंथी पाहिलेत ते लोकलच्या डब्यात. दहा रुपये द्यायचे नि नजर फिरवायची, हीच सवय घेऊन त्या बेडपाशी उभ्या राहतात. म्हणून शिकवायचं ते बेडपाशीच.

आणि शिकवायचं एकच. अंदाज बांधायचा नाही, विचारायचं, आणि का विचारतोय तेही सांगायचं. आधी "तुम्हाला काय हाक मारू?" मग हार्मोन्स. इस्ट्रोजेन घेणारीला ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका जास्त असू शकतो. लघवी अडली तर कारण प्रोस्टेटही असू शकतं. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषालाही, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्यालाही, दिवस राहू शकतात. केसपेपरवर 'मेल' लिहिलं की हे कोण विचारतं? म्हणून विचारायचं! पण हात मोडून आलेल्याला "खालचं ऑपरेशन झालंय का?" विचारणं म्हणजे निव्वळ चहाटळपणा. ते खपवून घेऊ नकोस.

एकमेकींच्या जोडीदार असलेल्या दोघी बायका येतात, त्यातल्या दाखल झालेलीला आपण विचारतो, "मिस्टर काय करतात?" त्यापेक्षा "कोणाला कळवू?" विचार. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंट स्वतःचा प्रतिनिधी नेमू शकतो. बाकीच्या वॉर्डांत जवळचं कोणाला मानायचं, हे बरंचसं सिस्टरच्या तोंडावर अवलंबून असतं.

मला कजाग म्हणायचे. हँडओव्हरला कोणी "बारा नंबरचं ते तसलं" म्हणालं की मी तिथेच थांबायचे, नाव घेतल्याशिवाय चार्ज घ्यायचे नाही. इन्चार्जशी वाजलं, बदली झाली. मैत्रिणी म्हणाल्या, गोडीत घ्यायचं होतंस. गोडीत घेऊन काय झालं असतं? माझंच बरोबर होतं, आजही म्हणते.

हमसफर ट्रस्टला फोन कर. 1994 पासून मुंबईत समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांसाठी काम करतायत. त्यांच्यातलं कोणी येऊन पोरींशी बोलू दे, माझ्या स्लाइडपेक्षा बरं.

उद्या पहिली हाक तू मार, पोरी मागे उभ्या राहोत. आणि फीमेल वॉर्ड हवाय का, हे तिलाच विचार. हवा असेल तर मेट्रनकडे जा. नाही म्हणाल्या तर मला फोन लाव, मी येते.