समाधानी आहात, पण दुखतंय किती?

"बाबा रात्रभर कण्हतात, पण डॉक्टरांसमोर गेले की 'बरं हाये' म्हणतात. खरं काय मानायचं?" कॅन्सरच्या रुग्णांच्या घरून हा प्रश्न मला सतत येतो.

यवतमाळकडच्या खेड्यातले एक आबाजी आठवतात (ओळख पटेल असे तपशील बदललेत). आयुष्यभर खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), आता गालाचा कॅन्सर. दवाखान्याच्या अभिप्राय फॉर्मवर सगळीकडे 'अत्यंत समाधानी'. मुलगा वैतागलेला. मी आबाजींनाच विचारलं, "दुखणं रुपयातलं किती आणे?" शून्य ते दहाच्या आकड्यांत अडखळणारी म्हातारी माणसं आण्यांत पटकन सांगतात.

तोंड जेमतेम उघडत होतं. "दिवसा आठ आणे. राती बारा. कवा कवा पुरा रुपया."

"मग समाधानी कसे?"

"डाक्टर चांगला बोलते ना बाई. त्याचं मन कायले दुखवू?"

हे खोटं नव्हे. फॉर्मने वागणुकीबद्दल विचारलं, त्यांनी वागणुकीबद्दल सांगितलं. माणसं चांगली भेटली म्हणून ठणका कमी झाला असं होत नाही, आणि ठणका मोजायचं यंत्रही नाही. ज्याचं दुखतं त्याने सांगितलेलं तेच माप. मुलाचा अंदाज कामाचा, पण आबाजींना बोलता येत असताना त्यांच्याऐवजी नव्हे.

बोलता बोलता त्यांनी बंडीच्या खिशातून चुन्याची डबी काढली. आत मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र दुखण्यावरच्या गोळ्या, पट्टीतून कातरून ठेवलेल्या. पुढे जास्त दुखलं तर असाव्यात म्हणून! आत्ताच घेतल्या तर शेवटी लागू पडणार नाहीत, शिवाय सवय लागेल, अशी धास्ती. औषध पुरत नाही असं घरचे समजत होते. मुळात ते पोटात जातच नव्हतं.

मॉर्फिन ही शेवटची गोळी नाही. दुखणं वाढलं तर डॉक्टर मात्रा वाढवू शकतात, आणि त्यांच्या देखरेखीत कॅन्सरच्या दुखण्यासाठी घेताना व्यसन लागणं विरळा. मॉर्फिनची साधी, लगेच काम करणारी गोळी साधारण चार तासांनी, घड्याळ बघून घ्यायची. कळ असह्य होण्याची वाट बघत बसायचं नाही. बद्धकोष्ठ जवळपास ठरलेलंच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबतच मागून घ्या. मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नका.

सुनेला मी नातवाची जुनी वही काढायला लावली. किती आणे, कुठे, घोट गिळताना की पडल्यावर, गोळीनंतर किती उतरलं. डॉक्टरांपुढे वही ठेवायची, म्हणजे आबाजींना कुणाचं मन दुखवावं लागत नाही.

पुढच्या खेपेला वहीत रात्रीचे चार आणे होते. फॉर्मवर मात्र त्यांनी पहिल्यांदाच 'असमाधानी'वर खूण केली: औषधाच्या खिडकीपुढे बसायला बाक नाही, दोन तास उभं केलं.

मला ती खूण फार आवडली.