वाचकांचे प्रश्न : मेघनेतील इलिश

प्रश्न : आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते. मग बांगलादेशात मेघना नदीत भर पावसाळ्यात इलिश कसा पकडू देतात? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : इलिश, म्हणजेच आपल्या बाजारातला पाला, वाढतो समुद्रात, पण अंडी घालायला नदीच्या गोड्या पाण्यात चढतो. पावसाळ्यात पुराचे पाणी समुद्रापर्यंत पोचू लागले की त्याचे थवे मेघनेच्या रुंद मुखातून आत शिरतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ते अधिक मिळतात, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, कमी. होडीतून सोडलेले लांब जाळे प्रवाहाला आडवे वाहत राहते आणि आसेत, म्हणजे जाळ्याच्या छिद्रात, डोके घुसवलेला मासा कल्ल्यांशी अडकतो.

अंडी घालण्याचा भर मात्र आश्विन पौर्णिमेच्या सुमारास असतो, म्हणून तेथील मुख्य बंदी पावसाळ्यात नसून साधारण ऑक्टोबरमध्ये 22 दिवसांची असते. शिवाय 25 सेंटिमीटरहून लहान पिल्ले, ज्यांना तिथे ‘जाटका’ म्हणतात, नोव्हेंबर ते जून पकडता येत नाहीत. माझ्या मते दुसरा नियमही तितकाच मोलाचा आहे, कारण वाचलेली अंडी पिल्लांच्या रूपाने बारीक आसेच्या जाळ्यात गेली, तर पहिल्या बंदीचा उपयोग उरत नाही. बंदीच्या काळात नोंदणीकृत मच्छीमार कुटुंबांना सरकार तांदूळ देते. पण नुसत्या तांदळावर घर चालत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे.

नियमांनीच सारे साधते असेही नाही. पश्चिम बंगालमध्ये गंगेवर 1975 मध्ये फराक्का बंधारा सुरू झाल्यावर, पूर्वी अलाहाबादपर्यंत जाणाऱ्या इलिशची वाट अडली.