जुन्या समईला लगेच चिंच लावू नकोस

जुन्या बाजारातून आणलेली समई घरी आल्या आल्या चिंच नाहीतर पितांबरी घेऊन घासायला बसू नकोस रे, आधी उजेडात नीट बघ. तो काळपट तपकिरी रंग म्हणजे मळ नाही, हवा, तेल आणि माणसांचे हात लागून वर्षानुवर्षं चढलेला थर आहे, जुन्या वस्तूची खरी मजा त्यातच असते आणि एकदा गेला की तसा परत येत नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, जास्त वेळ आंबट लावून ठेवलं की वरवरचं जस्त सुटतं आणि भांडं गुलाबीसर दिसायला लागतं. रोजच्या पूजेच्या भांड्यांना चालतं, हिला नको.

कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, मऊ टूथब्रश, बास. नक्षीच्या खाचेत जुन्या तेलाचं कीट घट्ट बसलं असेल तर खिडकी उघडी ठेवून इअरबडवर थोडं टर्पेंटाइन घे, तेवढाच भाग मऊ कर आणि लाकडी टूथपिकने हळूहळू उचल, सुई पिन अजिबात नको, चरे पडले की थेट पिवळं दिसतं. मग लगेच पुसून सांधे हेअर ड्रायरने वाळव, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर नक्कीच. फिकट हिरवी पावडर सुटत असेल तर ती मात्र काढायचीच. शेवटी मेणाच्या पॉलिशचा अगदी पातळ हात, पण समई पेटवणार असशील तर वरच्या वातीच्या ताटलीला लावू नकोस. आणि जमलं तर पुण्यातल्या राजा दिनकर केळकर म्युझियममधले जुने दिवे, अडकित्ते जवळून बघून ये, नजर तयार होते.