हनुवटीवर राठ केस, पाळी लांबलेली: लग्नानंतर आपोआप बरं होतं का?

ताई, तासगावहून तुम्ही विचारलंय की २२ वर्षांच्या मुलीच्या हनुवटीवर राठ केस येतात, पाळी दोन-तीन महिन्यांनी येते, लग्नानंतर नीट होईल का. लग्नाची वाट बघू नका. बहुतेक वेळा हे पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, बीजकोशाचा त्रास) असतं: शरीरात पुरुषी हार्मोन जास्त होतात, बीज वेळेवर सुटत नाही आणि पाळी लांबते.

मिरजेत किंवा सांगलीत स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. रक्तातलं थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन), टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), साखर तपासतात. सोनोग्राफी योनीमार्गातून न करता पोटावरूनही होते, मुलीला तसं आधी सांगा, निम्मी भीती तिथंच जाते. रिपोर्टमध्ये ‘सिस्ट’ लिहून आलं तरी घाबरू नका, त्या बहुधा अर्धवट वाढलेल्या बीजांच्या पिशव्या असतात. पाळीच्या तारखा लिहून न्या. मान मागून काळपट, जाडसर झाली असेल तर तीही दाखवा, ती इन्सुलिन (साखर ताब्यात ठेवणारं हार्मोन) नीट काम करत नसल्याची खूण असू शकते.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते. औषधाने केसांत फरक पडायला ६ महिने तरी लागतात. तोवर थ्रेडिंग खुशाल करू दे, त्याने केस वाढत नाहीत. मात्र आवाज घोगरा झाला किंवा केस अचानक भराभर वाढले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.