वेब आणि ग्राफिक्सची पुस्तके : जुनी ठेवावीत की टाकावीत?

प्रश्न : एका स्नेह्याने वेब डेव्हलपमेंटची आपली चार-पाच जुनी पुस्तके मला दिली आहेत. बहुतेक २०१० च्या आसपासची आहेत. त्यांवरून सुरुवात केली, तर शिकलेले वाया जाईल का?

उत्तर : सगळे वाया जाणार नाही; पण कोणते जाईल हे आधी ओळखले पाहिजे, आणि त्यासाठी मुखपृष्ठावरील सालापेक्षा आतली पाने उघडून पाहिलेली बरी. पानाची सगळी मांडणी टेबलाच्या रकान्यांत करायला सांगणारे, अक्षरांचा रंग फॉन्ट टॅगने बदलणारे किंवा हलत्या चित्रांसाठी फ्लॅशवर पानेच्या पाने खर्च करणारे पुस्तक सरळ बाजूला ठेवावे. फ्लॅश प्लेयरला अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी निरोप दिला, त्यामुळे ती प्रकरणे आता इतिहास म्हणूनच वाचता येतील.

पीएचपी ही सर्व्हरवर, म्हणजे पान पाठवणाऱ्या संगणकावर, चालणारी भाषा. तिच्या पुस्तकाची परीक्षा आणखी सोपी आहे. डेटाबेसशी जोडणी करताना ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ हे फंक्शन वापरलेले दिसले, तर ती उदाहरणे आजच्या पीएचपीवर चालणारच नाहीत, कारण त्या कुळातली सगळी फंक्शने २०१५ च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकण्यात आली. न चालणारे कोड निदान चूक दाखवून थांबते. फॉर्ममध्ये भरलेला मजकूर जसाच्या तसा क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल भाषेत दिलेल्या आज्ञेत, जोडण्याची जी सवय अशी पुस्तके लावतात ती अधिक घातक आहे, कारण जोडणी नव्या फंक्शनने केली तरी ते कोड बिनबोभाट चालते आणि एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे फॉर्ममधून डेटाबेसला भलतीच आज्ञा देण्याच्या हल्ल्याला, दार उघडे राहते.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेचे गणित वेगळे आहे. ‘लेट’, ‘कॉन्स्ट’, बाणाची फंक्शने, क्लास, मॉड्यूल हे सारे २०१५ च्या प्रमाण आवृत्तीत आले. त्यापूर्वीचे पुस्तक केवळ ‘व्हार’ वापरत असले, तरी त्यातले बहुतांश कोड आजही चालते, कारण जुनी पाने मोडू नयेत हा वेबचा दंडक ब्राउझर तयार करणारे कसोशीने पाळतात. अडचण येते ती दुसऱ्याने आज लिहिलेले कोड वाचताना. त्यामुळे हे पुस्तक चुकीचे नव्हे, अपुरे आहे. पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्येही फ्लोट (घटक डावी-उजवीकडे सरकवणारा गुणधर्म) लावून रकाने उभे करण्याची कसरत वगळावी. रकाने आणि ओळी थेट आखू देणारी ग्रिड ही सोय २०१७ च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत आल्यापासून ती करण्याचे कारण उरलेले नाही.

आता काय ठेवावे? सीएसएसचे दोन नियम एकाच घटकाला लागू होत असताना कोणता जिंकतो, फॉर्ममधली माहिती सर्व्हरकडे कशी जाते, एसक्यूएलमध्ये दोन तक्ते कसे जोडायचे, हे भाग जुन्या पुस्तकांत अनेकदा नव्यांपेक्षा सावकाशीने समजावलेले असतात. उदाहरणार्थ बॉक्स मॉडेल, म्हणजे घटक किती जागा घेतो ते मोजण्याची रीत, घ्या. एखाद्या चौकटीची रुंदी ३०० पिक्सेल, दोन्ही बाजूंचे पॅडिंग (मजकूर आणि कडा यांमधली मोकळी जागा) प्रत्येकी २० आणि कडा प्रत्येकी ५ दिली, तर पडद्यावर ती ३५० पिक्सेल जागा घेते, आणि शेजारची चौकट खाली का उतरली याचे उत्तर त्या ५० पिक्सेलांत असते. ‘बॉक्स-सायझिंग’ला ‘बॉर्डर-बॉक्स’ ही किंमत दिली की हेच ३०० सगळे पोटात घेते. ही बेरीज कागदावर करून दाखवणारे पुस्तक कितीही पिवळे पडलेले असो, ते रद्दीत घालू नये.

प्रश्न : फोटोशॉपच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे चित्राचे प्रमाण राखण्यासाठी मी शिफ्ट दाबून कोपरा ओढते, तर चित्र उलट चेपते. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : तुमचे काही चुकत नाही, तुमचे पुस्तक २०१८ च्या ऑक्टोबरपूर्वीचे आहे. त्या महिन्यात आलेल्या आवृत्तीने ही रीतच उलटवली : आता साध्या ओढण्याने प्रमाण राखले जाते आणि शिफ्ट दाबल्यास ते सुटते. कंट्रोल-झेडही त्याच वेळी बदलले. पूर्वी ते शेवटची एकच कृती मागे-पुढे करीत असे, आता ते एकेक पायरी मागे जाते. ओढण्याची जुनीच पद्धत हवी असेल तर प्रेफरन्सेसमध्ये, आणि कंट्रोल-झेडची हवी असेल तर कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये तशी सोय आहे. पण नव्याने शिकणाऱ्याने ती घेऊ नये, असे माझे मत आहे.

यातून पुस्तक निवडण्याची एक कसोटी मिळते. ‘अमुक मेनू, मग तमुक पर्याय, मग आकडा ४’ एवढेच सांगणारे पुस्तक मेनू हलला की मुके होते. लेयर मास्क शिकवणारे प्रकरण काढून पाहा. नको असलेली पार्श्वभूमी खोडरबराने पुसली तर ते पिक्सेल गेले. मास्कवर काळा रंग फिरवला तर ते केवळ झाकले जातात आणि पांढरा फिरवला की परत येतात, ही गोष्ट लेखकाने चित्रासह पटवून दिली असेल, तर ते पुस्तक घ्यावे. ही समज गिंप या मोफत चित्र-संपादकामध्येही जशीच्या तशी चालते. तिथे केवळ बटणांच्या जागा शोधाव्या लागतात.

प्रश्न : प्रकरण वाचताना सगळे समजते, पण रिकामी फाइल उघडली की पहिली ओळही सुचत नाही. पुस्तक बदलू का?

उत्तर : पुस्तक तेच राहू द्या. सोबत मिळणाऱ्या तयार फाइली उतरवून घेणे आधी थांबवा आणि प्रत्येक उदाहरण स्वतः टंकित करा. कंस मिटवायचा राहिल्यावर ब्राउझर काय तक्रार करतो हे त्याशिवाय कळत नाही. मीही बराच काळ नुसते डोळ्यांनी शिकत होतो, आणि त्या काळातले मला फारसे काही येत नाही. उदाहरण चालले की त्यातील एक ओळ मुद्दाम पुसून काय मोडते ते पाहा. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून तेच पान पुन्हा उभे करा आणि जिथे अडाल तेवढाच परिच्छेद उघडा.