स्पर्धेसाठी पोकेमॉनचा पहिला डेक लावताना

पोकेमॉनच्या पत्त्यांच्या खेळात आवडते सगळे पोकेमॉन एकाच डेकमध्ये, म्हणजे खेळायला घ्यायच्या गड्डीत, कोंबू नकोस. ६० पत्त्यांत हल्ला करणारा मुख्य पोकेमॉन एकच ठरव; बाकीचे पत्ते त्याला लवकर उभा करण्यासाठी घे. सुरुवातीलाच हवा असलेला पत्ता चार वेळा ठेवलास, तरी पहिल्या सात पत्त्यांत तो साधारण ४० टक्के वेळाच येतो. म्हणून नेस्ट बॉल, अल्ट्रा बॉल असे डेकमधून पोकेमॉन शोधून देणारे पत्ते लागतात. नवीन मुलं नेमकी इथेच काटकसर करतात आणि चांगला डेक हातात असून हरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

बेसिक पोकेमॉन, म्हणजे हातातून थेट मांडता येणारे, मोजून घे; त्यांच्याशिवाय डाव सुरू करता येत नाही. आठच असतील तर साधारण ३५ टक्के वेळा पहिल्या सातांत एकही येत नाही. मग पुन्हा पिसावं लागतं आणि समोरच्याला जादा पत्ता ओढता येतो. बारा असतील तर हेच प्रमाण १९ टक्क्यांवर येतं.

खेळताना डेकमध्ये पहिल्यांदा शोधायची वेळ आली की प्राइझमध्ये (सुरुवातीला आपल्या डेकमधून उपडे बाजूला ठेवलेले पत्ते; समोरचा पोकेमॉन बाद केला की यातून घ्यायचे, सगळे घेतले की जिंकलास) काय अडकलंय ते ताड. समजा बॉसेस ऑर्डर्स (समोरच्याचा मागे बसलेला पोकेमॉन पुढे ओढणारा पत्ता) दोनच आहेत आणि हात धरून एकच दिसतोय, तर तो शेवटच्या प्राइझसाठी राखून ठेव. प्रोफेसर्स रिसर्च हा नवे पत्ते ओढून देणारा पत्ता खेळण्याआधी हातातले कामाचे पत्ते खेळून घे, कारण उरलेला हात टाकावा लागतो.

आणि हो, निघण्यापूर्वी प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यातलं रेग्युलेशनचं अक्षर तपास. स्टँडर्ड या स्पर्धाप्रकारात कुठले पत्ते चालतात ते या अक्षरावरून ठरतं, आणि जुनी अक्षरं वेळोवेळी बाद होतात.